गोंगाटाकडे पाठ

चेअरमनसाहेबांनी मला माझ्या खिडकीवरून भर स्थानकात, चारचौघांसमोर, हातात माशाचा चिमटा असताना हाकलून दिलं.

असं काही झालेलं नाही. हे वाक्य मी का लिहिलं मला माहीत नाही. वाचकांनी ते मनातल्या मनात खोडावं आणि इथून सुरुवात करावी.

मी ओडोई. समुद्रकाठच्या टेशी गावचा. शाळेत असताना मला एक मोठा ताप आला. पाहुण्यासारखाच आला तो, येताना काही आणलं नाही आणि जाताना रिकाम्या हाताने गेला नाही. माझं बरंचसं ऐकू येणं सोबत घेऊन गेला. तेव्हापासून मी ओठ वाचतो. ओठ वाचणाऱ्याचं दाढीमिशीवाल्यांशी कधी जमत नाही. त्यात माझी काही चूक नाही.

यंदा दवाखान्याने मला दोन यंत्रं दिली, भांडण नको म्हणून प्रत्येक कानाला एक. ती मिळाली ढोलबंदीच्या पहिल्याच आठवड्यात. होमोवोच्या सणाआधी महिनाभर आमच्याकडे ढोल वाजवायचा नाही, भोंगा लावायचा नाही, आणि चर्चनेसुद्धा देवाशी बोलताना टाळ्यांच्या पुढे जायचं नाही. मका वाढत असतो आणि देव विचारात असतात, दोघांनाही व्यत्यय चालत नाही. ज्यांच्या घरी मयत झालंय त्यांनी मयताला जरा थांबायला सांगायचं. शेजारच्या गावची बंदी वेगळ्या तारखांची असते, म्हणून शिवेवरच्या एका प्रार्थनामंडळाने आपले भोंगे उचलून गटाराच्या पलीकडे नेऊन ठेवले. पास्टर इकडे, आवाज तिकडे. कायद्यात बसतं.

दवाखान्यातल्या सिस्टर एसिनामनी यंत्रं बसवली, कुठलीशी वायर लावून जुळवली आणि म्हणाल्या, "ओडोई, बंदी उठली की परत ये. आत्ता तू ऐकतोयस ते टेशी नव्हे. टेशीचा फोटो आहे."

मी हो म्हणालो. त्यांचा शब्द न् शब्द मला स्पष्ट ऐकू आला, त्यामुळे तो लक्षात ठेवायची गरज वाटली नाही.

पुढचे काही दिवस मी नुसता चौकशा करत फिरलो. चपलांना आवाज असतो. प्रत्येकाच्या चपलेचा वेगळा. आमचा फ्रिज, ज्याला मी आजवर गरीब आणि सज्जन समजत होतो, तो दिवसभर कुरकुरत असतो. तेलात मासा सोडला की तेल काहीतरी सांगू लागतं, आणि मासा उलटला की विषय बदलतं. मी कढईशेजारी इतका वेळ उभा राहिलो की अफोटेने विचारलं, "काय रे, आत कोणी ओळखीचं आहे का?"

अफोटे माझा आतेभाऊ. कढई त्याच्या आईची, म्हणजे माझ्या कोरकोर आत्याची. आत्याची समुद्राच्या रस्त्याला केंकीची खाणावळ आहे. मक्याचं आंबवलेलं पीठ, कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेले गोळे, सोबत तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. आत्याला वर्षानुवर्षं एक सवय होती. माझ्याविषयी काही बोलायचं असलं की ती माझ्याकडे पाठ करून बोलायची.

"हा गाढव आज पुन्हा मासा करपवणार," ती पाठमोरी म्हणाली.

"नाही करपवणार," मी म्हणालो.

आत्याचा झारा तेलात पडला. ती सावकाश वळली. "तुला कधीपासून ऐकू येतंय?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारी मी काय काय बोलले?"

"याचं लग्न होणार नाही, आणि झालंच तर बकरीशी होईल."

"ते अफोटेबद्दल होतं."

"आई!" अफोटे म्हणाला.

"तू काम कर."

त्या महिन्यात माझ्या हातून एकही चुकीचं ताट गेलं नाही. कोणाला किती गोळे, कोणता मासा, ठेचा पानावर की वाटीत, सगळं पोचत होतं. आत्या गिऱ्हाइकांना मला दाखवायची. "विचारा त्याला काहीही. हळू विचारा, तरी ऐकतो." लोक हळूच काहीही विचारायचे. मी ऐकायचो. एकाने माझ्याकडे उसने मागितले, ते तेवढं मी ऐकलं नाही.

अशात आत्याला ट्रोट्रोच्या, म्हणजे आमच्या वडाप गाड्यांच्या, स्थानकावर एक लाकडी टपरी मिळाली. एक दार, एक खिडकी, आत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. तिथे कोणी बसायचं हा प्रश्न होता. हक्काने अफोटेने. पण अफोटे वाढायच्या आधी चव बघतो, आणि तीही सगळ्या गिऱ्हाइकांच्या माशांची. आत्याने निकाल दिला. "होमोवो झाला की खिडकी उघडायची. आठवडाभर ओडोई बसेल. तक्रार नाही आली तर खिडकी त्याची. आली तर अफोटेची."

मला ती खिडकी किती हवी होती हे सांगणं अवघड आहे, पण सांगतो. ताप आल्यापासून मला कोणी पुढे उभं केलंच नव्हतं. मी कायम मागच्या अंगणात असायचो. पानं धुवायची, मासे खरवडायचे, भांडी घासायची. तिथल्या कोंबड्यांशी माझी इतकी ओळख झाली होती की त्यांची भांडणं सोडवायलाही मलाच बोलावत. खिडकी म्हणजे पुढची बाजू. तिथे माणसं येतात, बोलतात आणि उत्तराची वाट बघतात. माझ्या उत्तराची कोणी वाट बघितल्याला बरीच वर्षं झाली होती.

जगाच्या पाठीवर फक्त आमच्याकडेच होऊ शकेल अशी चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती, ती अशी, की कानांची परीक्षा आम्ही ढोलबंदीत घेतली. हे म्हणजे घोडा झोपलेला असताना त्याच्यावर बसायला शिकण्यासारखं झालं.

बंदी उठली. ढोल वाजले. थांबवून ठेवलेली मयतं मार्गी लागली, आणि प्रत्येक मयताने येताना माणसाच्या उंचीचे स्पीकर आणले. सण झाला, आणि सोमवारी मी खिडकीत बसलो.

समोर ट्रोट्रोंची रांग. प्रत्येक गाडीच्या दाराला लोंबकळणारा मेट, शहरातल्या सर्कल चौकाचे प्रवासी गोळा करण्यासाठी "सर्कल, सर्कल, सर्कल" असा ओरडतोय. डावीकडे औषधांची गाडी, तिच्या टपावर भोंगा, भोंग्यात पाठ केलेलं बोलणारा एक माणूस, तो न थांबता मूळव्याध, कंबरदुखी आणि सासूचा जाच यांवर एकच बाटली विकतोय. उजवीकडे शिवेवरचं तेच प्रार्थनामंडळ. बंदीतल्या शांततेची भरपाई म्हणून त्यांनी स्थानकातच एक जादा शाखा काढली होती. आणि मध्ये एक फोन दुरुस्त करणारा, जो दुरुस्त झालेला प्रत्येक फोन पूर्ण आवाजात तपासतो.

चांगल्या कानाच्या माणसाच्या डोक्यात म्हणे एक चाळणी असते, नको ते आवाज खाली पाडणारी. माझी चाळणी इतकी वर्षं वापरात नव्हती, तिला गंज चढला होता. त्यामुळे सगळे आवाज एकाच अंतरावर आले. औषधवाला गाडीतून उतरून माझ्या डाव्या कानात आला, बसला आणि तिथे त्याने दुकान मांडलं. केंकीचं पान सोललं की आभाळ फाटल्यासारखं वाजायचं. आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे ओठ हलत होते, आवाज मात्र गैरहजर. ओठ वाचावे, तर एकाच वेळी पाच तोंडं बोलत होती आणि त्यातली दोन आधीच खात होती.

खरं सांगायचं तर घाबरण्याआधी मला नवलच वाटलं. एवढा आवाज रोज इथे होता? आणि मी यातून आजवर नुसता चालत गेलो?

मग मी एक पद्धत काढली. प्रत्येकाला दोन केंकी, एक मासा, ठेचा जास्त. कोणी काहीही मागो.

पद्धत वाईट नव्हती. बहुतेकांनी मुकाट्याने घेतलं. स्थानकावरच्या माणसाला आपल्याला नेमकं काय हवंय याची फारशी खात्री नसते. पण दुपारी मादाम अदोले आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना आतड्याची जखम आहे आणि ठेच्याच्या वासानेही त्यांना धाप लागते. त्यांना मी ठेचा जास्त घातला.

त्या तडक खाणावळीत गेल्या. आत्या तडक स्थानकावर आली. तिच्या मागे अफोटे, दुःखी चेहरा करून, पण स्वच्छ शर्ट घालून.

"मादाम तुझ्यासमोर किंचाळत होत्या म्हणे, ठेचा नको, ठेचा नको!" आत्या म्हणाली. एका गाडीच्या आडोशाला नेऊन, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, म्हणून कळलं.

"मला वाटलं त्या कौतुक करतायत."

"किंचाळून?"

"आत्या, इथे सगळेच किंचाळतात. कोण कशासाठी किंचाळतंय हे कसं कळणार?"

आत्याने विचार केला. "एक तक्रार म्हणजे तक्रार नाही. मत आहे. पण दुसरी आली की अफोटे बसेल."

अफोटेने तेवढ्यात टपरीत डोकावून आपल्या खुर्चीला जागा कुठे होईल ते बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. "यंत्रं बिघडली, सिस्टर."

"बंदी उठली ना?"

"हो."

"यंत्रं बिघडलेली नाहीत. टेशी दुरुस्त झालंय." त्यांनी पुन्हा वायर लावली. "हे बघ, हे बटण दाबलंस की यंत्र समोरचं जास्त उचलेल आणि पाठीमागचं कमी. पण त्याला तुझी मदत लागेल. जिथे उभा राहशील तिथे गोंगाट पाठीला दे, माणूस समोर घे. त्या माणसाच्या मागे भिंत असेल तर सोन्याहून पिवळं."

"मग सगळं ऐकू येईल?"

"सगळं? स्थानकावर मलासुद्धा सगळं ऐकू येत नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"मान हलवते. सगळेच मान हलवतात, ओडोई. तुला काय वाटलं, लोक ऐकतात?"

ही बातमी मला नवीन होती. परतताना गाडीत मी माणसांच्या माना बघत बसलो. खरंच हलत होत्या.

टपरीसमोर उभा राहून मी हिशेब केला. खिडकी स्थानकाकडे. मी आत, माझ्या पाठीला भिंत. गिऱ्हाईक बाहेर, त्याच्या पाठीला अख्खं स्थानक. म्हणजे जिथे भिंत हवी तिथे गोंगाट आणि जिथे गोंगाट हवा तिथे भिंत. उपाय अगदी साधा होता. मी पातेलं, मासे आणि ठेचा घेऊन बाहेर आलो, खिडकीला बाहेरून लागून उभा राहिलो, आणि गिऱ्हाइकांना आत घातलं.

पहिली आली फोफो मावशी, बंदरावर मासळी विकते ती.

"आत जा, मावशी."

"आत कुठे?"

"टपरीत. दार बाजूच्या अंगाला आहे."

"मी घेणारी. आत विकणारा असतो."

"आजपासून घेणारा आत."

"आत काय आहे?"

"सावली."

एवढं पुरलं. मावशी गेली, आतून खिडकीशी आली, कोपर टेकली आणि माझ्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाली, "अगं बाई, इथून सगळं जग दिसतं की! तीन केंकी दे. आणि मासा शेपटीकडचा देऊ नकोस, काल तुझ्या आत्याने तोच गळ्यात मारला."

प्रत्येक शब्द आला. आत्याची निंदासुद्धा अखंड आली. माझ्या पाठीमागे मेट, भोंगे, पास्टर सगळे होते, पण लांबच्या खोलीत भांडण चालू असल्यासारखे. मी मावशीला तीन केंकी, डोक्याकडचा मासा आणि ठेचा दिला, आणि उगीचच विचारलं, "अजून काही?" नुसतं उत्तर ऐकण्यासाठी.

"अजून म्हणजे? गुडघा दुखतो," मावशी म्हणाली. मी तेही ऐकलं.

बुधवारपर्यंत रांग लागली. आत एका वेळी दोघंच मावत, म्हणून लोक एकेक येत, एकेक बोलत. मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. आमच्याकडे माणूस बंद खोलीत, खिडकीसमोर उभा राहून, पलीकडच्या माणसाला उत्तरं देतो तो फक्त व्हिसाच्या मुलाखतीत. त्यामुळे आत गेलेली माणसं आपोआप ताठ उभी राहू लागली. शर्ट आत खोचू लागली.

"दोन केंकी, सर," एक दणकट ड्रायव्हर म्हणाला.

"कशासाठी?" मी गंमत म्हणून विचारलं.

"फक्त दुपारच्या जेवणासाठी, सर. जेवून लगेच परत येणार. इथे बायको आहे, मुलं आहेत, घर आहे."

मी त्याला केंकी मंजूर केली. तो डोळे पुसत गेला. एका तरुणाला मासा संपल्याचं सांगितलं तर म्हणाला, "हरकत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करीन."

आत्या बघायला आली आणि कपाळावर हात मारून उभी राहिली. "मालक रस्त्यावर आणि गिऱ्हाईक घरात! लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतायत ते मला आता ऐकू येतं, आत्या. तक्रार आलीय का?"

"नाही," ती नाइलाजाने म्हणाली. "रांग आलीय."

शुक्रवारी घोटाळा झाला. मी उभा होतो ती जागा म्हणजे खरं तर गाड्या मागे घेण्याची गल्ली. "घाई कुणाला?" असं पाठीवर रंगवलेली एक ट्रोट्रो माझ्याकडे मागे मागे येऊ लागली. मेटने गाडी थोपटली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला. माझ्या यंत्रांनी, सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे, इमानेइतबारे तो भोंगा कमी केला.

आतून फोफो मावशी ओरडली, "ओडोई, मागे!"

मला स्वच्छ ऐकू आलं. पण रांगेत धक्काबुक्की चालली होती, म्हणून मला वाटलं ती आपल्या मागच्या माणसाबद्दल सांगतेय. "मावशी, त्याला राहू दे, जागाच नाही," मी म्हणालो.

मावशीने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, माझी कॉलर धरली आणि मला टपरीत ओढलं. मी कमरेपर्यंत आत आणि पाय बाहेर, असा लटकलो. गाडीने ठेच्याचं पातेलं उडवलं. ठेचा मागच्या काचेवर असा पसरला की "घाई" दिसेनाशी झाली आणि नुसतं "कुणाला?" उरलं.

स्थानकाचे चेअरमन टाविया आले. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते, पण ती ते वाजवत नाहीत, नुसती धरतात. त्यांनी ती धरली. मी खाली उतरलो. माझ्या हातात अजून चिमटा होता.

"विक्री आत, गाड्या बाहेर," ते म्हणाले. "ही गल्ली गाड्यांची आहे. नीघ इथून."

"साहेब, आत बसलो तर मला ऐकू येत नाही."

"आणि बाहेर उभा राहिलास तर गाडी ऐकू येत नाही. कुठेतरी मरायचंच आहे तर माझ्या स्थानकात नको."

मुद्दा बिनतोड होता. आत्या पोचली तेव्हा अफोटे ॲप्रन बांधून तयार होता. माझ्याकडे बघून त्याने एक गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"टपरी उलटी फिरवा," आत्या म्हणाली.

"मागे गटार आहे, कोरकोर. फिरवली तर खिडकी गटारावर येईल. गिऱ्हाइकं काय पोहत येणार?"

"मग ही चेअरमनची तक्रार समजायची?" आत्याने विचारलं. दुसरी तक्रार म्हणजे खिडकी गेली, आणि मी परत कोंबड्यांकडे.

"तक्रार नाही, हुकूम आहे."

"हुकूम." आत्या म्हणाली. मग तिने पदर खोचावा तसा कमरेचा कापडाचा पट्टा आवळला. "चेअरमन, शौचालयाचं दार कुठाय?"

जमलेली माणसं हसू लागली. चेअरमननी शिट्टी घट्ट धरली. "त्याचा इथे काय संबंध?"

"दार दुरुस्तीला काढलं. नवं बसवायचा अर्ज आला. तेव्हा इथेच उभं राहून तुम्ही म्हणालात, अर्ज निकाली निघेपर्यंत जे जसं आहे ते तसंच राहील, हा स्थानकाचा नियम आहे. अजून आम्ही बायका एकमेकींना छत्री धरून बसतो. नियम सगळ्यांना की फक्त शौचालयाला?"

"छत्रीसुद्धा फाटलीय!" फोफो मावशी खिडकीतून ओरडली.

चेअरमननी शौचालयाकडे बघितलं. नियम मोडावा तर दार बसवावं लागेल. "अर्ज कुठाय याचा?"

"हा देतोय," आत्या म्हणाली.

"लेखी हवा."

"लेखीच देतोय. निकाल लागेपर्यंत हा जिथे आहे तिथे."

"गाडीखाली गेला तर?"

"अफोटे!" आत्या म्हणाली. "आत्तापासून तू याच्या मागे, गाड्यांकडे तोंड करून उभा राहा. गाडी आली की खांद्यावर थाप मार."

"म्हणजे मी भोंगा?"

"तू मागचा कान."

अफोटेने ॲप्रनची गाठ सोडली. "मागच्या कानाला जेवण असतं का?"

"असतं. पण चव बघायची नाही."

त्या दुपारी एका गाडीच्या वेळी त्याने थाप मारली, आणि एकदा गाडी नसतानाही मारली, जरा जोरात. ती माझ्या वाट्याची होती, मी घेतली.

उरला अर्ज. साधी मागणी केली असती, तर एखाद्या रिकाम्या दिवशी साहेबांनी ती नाकारून टाकली असती, आणि माझी खिडकी गेली असती. म्हणून मी मागणी अशी शोधत होतो, की ती मंजूर करता येणार नाही, आणि नाकारायची तर आधी तिची पाहणी करावी लागेल, पाहणीला समिती लागेल, समितीला खुर्च्या लागतील. अर्ज शनिवारी दाखल केला. त्याची नक्कल अशी:

प्रति,
मा. चेअरमन, ट्रोट्रो स्थानक, टेशी.

विषय: स्थानक फिरवून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर केंकीची टपरी मागील गटारामुळे फिरवणे शक्य नसल्याने, सदर स्थानक हेच त्यातील सर्व गाड्या, मेट, प्रवासी, औषधांची गाडी, फोनदुरुस्ती व प्रार्थनामंडळासह उचलून अर्धा फेरा फिरवण्यात यावे व टपरीच्या पाठीमागे बसवण्यात यावे. फिरवतेवेळी गाड्यांमध्ये बसलेल्या प्रवाशांना उतरवू नये, कारण त्यांनी जागा मोठ्या कष्टाने धरलेली असते. समुद्र मध्ये येत असल्यास त्यास थोडे सरकण्याविषयी योग्य त्या खात्यामार्फत कळवण्यात यावे. अर्जदारास कोणतीही घाई नाही, तरी पूर्ण पाहणीअंती, सर्व संबंधितांची संमती घेऊन, सवडीने निर्णय व्हावा, ही नम्र विनंती.